बेआतो लखनौला केव्हा पोहोचला?

आजच्या भागात एका माणसाचं चरित्र सांगायचं नाहीये, ते तपासायचं आहे. माणसाचं नाव फेलिचे बेआतो. आपल्याकडे इंग्रजी वळणाने त्याला ‘फेलिस बीटो’ म्हणतात. १८५७ च्या उठावाचे जे मोजके फोटो तुम्ही पुस्तकांत, संग्रहालयांत किंवा मे महिन्यात मोबाइलवर फिरताना पाहिलेत, त्यांतले बरेचसे याने काढलेले आहेत.

विषय निघाला तो लखनौ-कानपूरकडे राहणाऱ्या आपल्या काही मराठी श्रोत्यांमुळे. त्यांचा प्रश्न साधा होता. सिकंदर बागेतला तो हाडांचा फोटो खरा, की मांडून काढलेला? उत्तर शोधायला मी फोटोपासून सुरुवात केली नाही, फोटो काढणाऱ्यापासून केली. कारण फोटो काढणारा त्या जागी कधी होता हे पक्कं झाल्याशिवाय फोटोबद्दल काही बोलण्यात अर्थ नाही.

बेआतोचं चरित्र इंटरनेटवर पाच-सहा वाक्यांत मिळतं. जन्म १८३३-३४ च्या सुमाराचा. इटालियन. जगातला पहिला युद्धछायाचित्रकार. लखनौचे फोटो १८५७ चे. मृत्यू ब्रह्मदेशात, १९०५-०६ च्या आसपास. दहा ठिकाणी हेच वाचलं की वाटतं, दहा जण सांगतायत म्हणजे खरं असणार. पण ते दहा साक्षीदार नसतात. एकाने लिहिलेलं नऊ जणांनी उतरवून घेतलेलं असतं, आणि कधीकधी पहिल्याने ते नवव्याकडूनच घेतलेलं असतं. आपल्या जुन्या संशोधकांच्या भाषेत ही नकलेची नक्कल. राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत हिंडले ते याच कंटाळ्याने. बखरीत काय आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांना अस्सल कागद हवा होता.

बेआतोच्या बाबतीत असा अस्सल कागद फार उशिरा मिळाला. २००९ साली त्याच्या मृत्यूचा दाखला उजेडात आला. त्यात जन्म व्हेनिसचा, १८३२ चा, आणि मृत्यू फ्लॉरेन्सला, २९ जानेवारी १९०९ रोजी. अविवाहित. नागरिकत्व ब्रिटिश. म्हणजे रंगून नाही, मंडाले नाही, १९०५ नाही. तोवर शंभर वर्षं त्याला ब्रह्मदेशात मारलं जात होतं. उतारवयात मंडालेला त्याचा फोटो स्टुडिओ आणि हस्तकलेच्या वस्तूंचा मोठा व्यापार होता हे खरं, पण माणूस जिथे शेवटचा दिसला तिथेच तो मेला असं धरून चालणं ही चरित्रकारांची फार जुनी खोड आहे. आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांच्या मृत्यूच्या किती कथा आहेत ते आठवा.

आता ‘इटालियन’ हा शब्द घ्या. १८३२ मध्ये इटली नावाचं राज्यच नव्हतं. ते १८६१ मध्ये झालं, आणि व्हेनिस त्यात आलं १८६६ मध्ये. बेआतो जन्मला तेव्हा व्हेनिसवर ऑस्ट्रियाची सत्ता होती. त्याचं कुटुंब पुढे कोर्फू बेटावर राहायला गेलं, आणि ती बेटं १८१५ पासून १८६४ पर्यंत ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली होती. त्यामुळे तो ब्रिटिश प्रजाजन. हा तपशील किरकोळ वाटेल, पण ब्रिटिश फौजेच्या मागोमाग क्रिमिया, हिंदुस्थान आणि चीन इथे बिनदिक्कत फिरणारा हा ‘इटालियन’ कोण, याचा उलगडा त्यात आहे.

नावाचा घोळ तर याहून मजेशीर. जुन्या कितीतरी फोटोंवर सही आहे ‘फेलिचे आंतोनिओ बेआतो’. अनेक वर्षं अभ्यासकांनी हा एकच माणूस धरला. पण एक अडचण येत होती. हा गृहस्थ एकाच वेळी इजिप्तमध्येही फोटो काढत होता आणि जपानमध्येही. आपल्या पुराणांत असली माणसं असतात, छायाचित्रणाच्या इतिहासात नसतात. १९८० च्या दशकात उलगडा झाला की हे दोघे भाऊ, फेलिचे आणि आंतोनिओ. काही काळ ते एकत्र काम करत आणि सही सामाईक वापरत. आंतोनिओ जुलै १८५८ मध्ये भावाकडे हिंदुस्थानात आला, तब्येतीमुळे डिसेंबर १८५९ मध्ये परत गेला, आणि पुढे इजिप्तमध्ये लक्सरला त्याने दुकान थाटलं. आंतोनिओने स्वतः १८८६ मध्ये एका फ्रेंच नियतकालिकाला पत्र लिहून हा खुलासा करून ठेवला होता. ते पत्र छापील अवस्थेत जवळजवळ शतकभर पडून होतं. तरी आजही ‘फेलिचे आंतोनिओ’ नावाचा एकसंध माणूस ऑनलाइन चरित्रांतून भेटतो.

‘जगातला पहिला युद्धछायाचित्रकार’ हे विशेषण मी फार वेळ तपासलं नाही, कारण ते दोन मिनिटांत पडतं. क्रिमियाच्या युद्धात रॉजर फेंटन बेआतोच्या आधी पोहोचला होता. बेआतो आणि त्याचा मेहुणा जेम्स रॉबर्टसन १८५५ मध्ये फेंटननंतर तिथे गेले. हा रॉबर्टसन कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीतला मोठा अधिकारी. आणि फेंटनच्याही आधी, १८४८-४९ मध्ये, आपल्या पंजाबात दुसऱ्या शीख युद्धाच्या वेळी कंपनी सरकारचा एक डॉक्टर, जॉन मॅकॉश, कॅमेरा घेऊन हिंडत होता. ‘प्रेतांचे पहिले फोटो बेआतोचे’ असंही एक वाक्य फिरतं. तेही असं मोकळं सोडता येत नाही. १८४० च्या दशकात युरोप-अमेरिकेत घरातल्या मृत माणसांचे, विशेषतः लहान मुलांचे फोटो काढून ठेवण्याची पद्धत होती. रणांगणावरच्या प्रेतांबद्दल बोलायचं असेल तर ‘रणांगण’ हा शब्द वाक्यात हवा. आणि तो घातला की पुढचा प्रश्न येतो, ज्यासाठी आज आपण बसलोय.

सिकंदर बाग. फोटो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मागे एक मोठी, खांबांची, तोफांनी फोडलेली इमारत. पुढच्या मोकळ्या जागेत कवट्या, बरगड्या, हाडं विखुरलेली. त्यात काही देशी माणसं, कुणी उभं, कुणी बसलेलं. एक घोडाही आहे. फोटोखालच्या मूळ इंग्रजी ओळीचा आशय असा, की ९३ व्या हायलँडर्सनी आणि चौथ्या पंजाब पलटणीने केलेल्या दोन हजार बंडखोरांच्या कत्तलीनंतरचा हा सिकंदर बागेचा आतला भाग, सर कॉलिन कॅम्पबेलचा पहिला हल्ला, नोव्हेंबर १८५७.

या ओळीतली तारीख घटनेची आहे, फोटोची नाही. बहुतेक ऑनलाइन चरित्रांनी ती सरळ फोटोची तारीख म्हणून उचलली. तिथून ‘१८५७, लखनौ, बेआतो’ ही तीन शब्दांची माळ तयार झाली. फाशी दिलेल्या दोन शिपायांचा त्याचा जो फोटो आहे, त्याच्याही गळ्यात हीच माळ आहे.

आता तारखा शेजारी ठेवू. सिकंदर बागेची लढाई १६ नोव्हेंबर १८५७ ची. लखनौच्या रेसिडेन्सीत अडकलेल्या इंग्रजांना सोडवायला कॉलिन कॅम्पबेल निघाला होता, वाटेत ही तटबंदीची बाग. वाजिद अली शाहने बांधलेली. आत उठावातले शिपाई होते. भिंतीला भगदाड पाडून फौज आत शिरली आणि आतली जवळजवळ सगळी माणसं मारली गेली. दोन हजार हा आकडा ब्रिटिशांचा आहे, हे लक्षात ठेवा.

आणि बेआतो? तो कलकत्त्याला पोहोचला फेब्रुवारी १८५८ मध्ये. म्हणजे सिकंदर बागेतली माणसं मेली तेव्हा तो हिंदुस्थानातच नव्हता.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण मी एकाच धाग्यावर गाठ मारत नाही. समजा बेआतोच्या प्रवासाची तारीख कुठे चुकली असेल, तर? म्हणून दुसऱ्या बाजूने पाहू, जिचा बेआतोशी काही संबंध नाही. २२ नोव्हेंबरला कॅम्पबेलने रेसिडेन्सीतली माणसं बाहेर काढली आणि तो लखनौ सोडून कानपूरकडे वळला. कारण कानपूरवर तात्या टोपे चालून येत होते. मागे शहराबाहेर आलमबागेत आउटरमची फौज तेवढी राहिली. सिकंदर बाग आणि सारं शहर पुन्हा उठावकऱ्यांच्या ताब्यात गेलं ते थेट मार्च १८५८ पर्यंत. इंग्रजांनी लखनौ पुरतं घेतलं २१ मार्चच्या सुमारास. म्हणजे बेआतो नव्हे, कुणीही इंग्रजांच्या बाजूचा छायाचित्रकार डिसेंबर ते फेब्रुवारी त्या बागेत तिपाई रोवू शकला नसता. दोन वेगळ्या वाटा, उत्तर एकच. फोटो मार्च १८५८ नंतरचा, घटनेनंतर किमान चार महिन्यांचा.

आता हाडांचा प्रश्न वेगळाच होतो. चार महिने ही प्रेतं कुठे होती?

इथे दोन कथा मिळतात. एक म्हणते, इंग्रजांनी आपल्या बाजूची माणसं खंदकात पुरली आणि देशी शिपायांची प्रेतं तशीच उघड्यावर कुजायला सोडली, मार्चमध्ये त्यांचे सांगाडे बेआतोला दिसले. दुसरी म्हणते, प्रेतं झाकलेली होती, आणि फोटोसाठी ती मुद्दाम उघडी करायला लावली. दोन्ही एकदम खऱ्या असू शकत नाहीत, पण कित्येक चरित्रांत त्या एकाच पानावर, चार ओळींच्या अंतराने, सुखाने नांदतात. लिहिणाऱ्याने दोन पुस्तकांतून दोन वाक्यं घेतली आणि ती एकमेकांशी भांडतायत हे पाहिलंच नाही.

दुसऱ्या कथेचा उगम सापडतो. सर जॉर्ज कॅम्पबेल नावाचा मुलकी अधिकारी तेव्हा लखनौला होता. सेनापती कॉलिन कॅम्पबेल वेगळा आणि हा वेगळा. ही गल्लत इतक्या ठिकाणी होते की मुद्दाम सांगतो. हा जॉर्ज कॅम्पबेल पुढे बंगालचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. त्याच्या आठवणी १८९३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. त्यात तो सांगतो की प्रेतांचा तो मोठा ढीग नीट झाकला गेला होता, पण छायाचित्रकाराने हट्ट धरला की कायमची विल्हेवाट लावण्याआधी फोटोसाठी तो उघडा करावा.

हा साक्षीदार किती वजनाचा? माणूस त्या शहरात हजर होता, इंग्रज सरकारचा मोठा अधिकारी होता, आणि आपल्याच बाजूला कमीपणा आणणारी गोष्ट सांगतोय. हे त्याच्या बाजूने. विरुद्ध बाजूने एवढं, की पुस्तक घटनेनंतर पस्तीस वर्षांनी छापलं गेलं. मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. विष्णुभट गोडसे वरसईहून निघाले, उत्तरेत १८५७ च्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पण ते सगळं कागदावर उतरलं पंचवीसेक वर्षांनी. वैद्यांनी त्यावर हात फिरवून ते १९०७ मध्ये छापलं, आणि मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी काढला तो १९६६ मध्ये. म्हणून आपण गोडसे भटजींना टाकून देतो का? नाही. त्यांचं सांगणं त्यांच्या नावावर ठेवतो आणि दुसऱ्या साधनांशी ताडून पाहतो. जॉर्ज कॅम्पबेललाही हीच वागणूक द्यायची. ‘बेआतोने हाडं उकरून मांडली’ असं बेधडक वाक्य मी लिहिणार नाही. ‘झाकलेली प्रेतं बेआतोच्या हट्टावरून उघडी करण्यात आली असं लखनौतला अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल सांगतो’ असं लिहीन. वाक्य लांबतं, लांबू दे.

आता बेआतो असं करण्यासारखा माणूस होता का? यासाठी त्याच्या आयुष्यातलं पुढचं पान कामाला येतं. १८६० मध्ये तो दुसऱ्या अफूच्या युद्धात ब्रिटिश फौजेबरोबर चीनमध्ये गेला. हिंदुस्थानातूनच गेला. ऑगस्टमध्ये ताकूचे किल्ले पडले. फौजेतला डॉक्टर डेव्हिड रेनी याने आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय की एका तोफेभोवती मरून पडलेल्या चिनी सैनिकांचा घोळका पाहून बेआतो अगदी हरखून गेला होता, तो देखावा त्याला सुंदर वाटत होता, आणि आपण फोटो काढेपर्यंत कुणी प्रेतांना हात लावू नका म्हणून तो विनवत होता. हे पुस्तक १८६४ मध्येच आलं, म्हणजे आठवण ताजी होती.

रेनीची साक्ष वाचून अंगावर काटा येतो. पण तिच्यात काय आहे हे नीट बघा. ‘हात लावू नका’ असं आहे. ‘हलवून रचा’ असं नाही. ऑनलाइन चरित्रांत मात्र लखनौचा कॅम्पबेल आणि ताकूचा रेनी यांची खिचडी होऊन ‘बेआतो प्रेतं रचून फोटो काढत असे’ असा सरसकट शेरा तयार झालाय. दोन साक्षी दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. लखनौला झाकलेलं उघडलं गेलं, ताकूला पडलेलं तसंच ठेवलं गेलं. दोन्हींत एक माणूस दिसतो ज्याला मेलेल्यांपेक्षा चौकट महत्त्वाची आहे, पण त्याची कृती दोन्ही ठिकाणी सारखी नाही.

ताकूबद्दल आणखी एक गोष्ट, मला फार आवडलेली. डेव्हिड हॅरिस नावाच्या अभ्यासकाने ते फोटो कोणत्या क्रमाने काढले गेले ते जुळवून पाहिलं. बेआतोने प्रेतांचे फोटो आधी घेतले होते, कारण ती लवकरच हलवली जाणार होती. किल्ल्याचे बाहेरचे देखावे त्याने नंतर सावकाश काढले. विकायच्या आल्बममध्ये मात्र क्रम उलटा लावला. आधी किल्ल्याकडे जाणारी वाट, मग तटबंदी, मग आतला संहार. पानं उलटणाऱ्याला वाटावं, आपण फौजेबरोबर चाल करून आत शिरतोय. फोटो एकही खोटा नाही, फक्त ओळ बदलली. हे आल्बम घेणारे गिऱ्हाईक बहुतेक तेच अधिकारी होते. पुढे १८६१ च्या अखेरीस लंडनला जाऊन बेआतोने हिंदुस्थान आणि चीनचे चारशे फोटो एका व्यापाऱ्याला विकले. त्यामुळे लखनौच्या फोटोखालची ओळ कोणासाठी लिहिली होती, हा प्रश्न उरत नाही. कत्तल करणाऱ्या दोन्ही पलटणींची नावं त्यात आहेत, क्रमांकासकट. मारल्या गेलेल्यांचा फक्त ठोक आकडा आहे.

फोटोतल्या जिवंत माणसांकडे आता पुन्हा पाहा. त्या काळी काच मसाल्याने लेपून, सेकंदांच्या हिशेबात उघडी ठेवावी लागे. हललं की धूसर. म्हणूनच त्या काळातला प्रत्यक्ष लढाईचा एकही फोटो नाही, जे आहे ते सगळं नंतरचं. मग हाडांमध्ये उभी असलेली ही माणसं स्पष्ट कशी उमटली? कारण ती सांगितल्यावरून स्थिर राहिली होती. प्रेतांबद्दल आपल्याला कॅम्पबेलच्या शब्दावर जावं लागतं. जिवंतांबद्दल कुणाच्याच शब्दाची गरज नाही, काचच सांगते. ‘खरा की मांडलेला’ या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर तिथे आहे. हाडं खरी, जागा खरी, माणसं उभी केलेली, तारीख चिकटवलेली.

बेआतोच्या पुढच्या आयुष्यावरून मी झरझर जातो, कारण आपला प्रश्न तिथे नाही. १८६३ पासून दोन दशकं तो जपानमध्ये योकोहामाला होता. १८६६ च्या आगीत त्याचा स्टुडिओ आणि आधीच्या काचा जळाल्या. त्याने पुन्हा काम उभं केलं, १८७७ मध्ये सगळा साठा दुसऱ्या स्टुडिओला विकला, आणि त्या स्टुडिओने ते फोटो आपल्या नावाने विकले. त्यामुळे जपानच्या जुन्या फोटोखाली कोणाचं नाव आहे यावर विसंबू नका. मग पैसा बुडाला, सुदानची मोहीम झाली, आणि शेवटी मंडाले.

लखनौला गेलात तर सिकंदर बागेचा दरवाजा अजून उभा आहे, राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेला लागून. अवधच्या राजचिन्हातले मासे त्यावर दिसतात. जवळच उदा देवींचा पुतळा आहे. १६ नोव्हेंबरला लढताना त्या पडल्या असं मानतात आणि पासी समाज दर वर्षी तिथे जमतो. फोटोखालच्या दोन हजारांपैकी लोकांनी परत मिळवलेलं हे एक नाव.

श्रोत्यांपैकी ज्यांनी हा फोटो आपल्या शाळेच्या प्रदर्शनासाठी मागितला होता, त्यांना मी फोटोबरोबर ही ओळ पाठवली आहे: ‘सिकंदर बाग, लखनौ. १६ नोव्हेंबर १८५७ च्या लढाईत मारल्या गेलेल्यांचे अवशेष. छायाचित्र फेलिचे बेआतो, १८५८, लखनौ इंग्रजांनी परत घेतल्यानंतरचे. जॉर्ज कॅम्पबेल यांच्या आठवणींनुसार झाकलेली प्रेते छायाचित्रासाठी उघडी करण्यात आली. मृतांचा दोन हजार हा आकडा ब्रिटिश वृत्तांतातील.’ पुठ्ठा छोटा असेल तर फोटो लहान छापा, ओळ पूर्ण ठेवा.